औषध म्हणू नका

आमच्या भागात एकाच शब्दावर चार कामं भागतात. पोराला ताप आला की औषध. बैलाच्या खांद्याला सूज आली की औषध. पराटीवर तुडतुडे दिसले की औषध. आणि कोणी जिवाला कंटाळला तर तेही औषधच. ‘अमक्यानं औषध घेतलं’ असं कानावर आलं तर गावात कोणी विचारत नाही, कोणत्या डॉक्टरचं घेतलं म्हणून. ऐकणारा हातातलं काम टाकून त्या घराकडे पळत सुटतो. म्हणजे डब्यात काय आहे ते आम्हाला पक्कं माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आम्हीच म्हणतो, आज औषध मारायचं आहे.

कायद्यात याला औषध म्हणत नाहीत. कायदा कीटकनाशक म्हणतो. डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर ‘विष’ असं छापावंच लागतं. निळ्यावर ‘धोका’, हिरव्यावर ‘सावधान’. आता खेड्यातल्या माणसाला हिरवा रंग दिसला की काय वाटतं? हिरवं म्हणजे चांगलं, हिरवं म्हणजे जा. चौकातल्या दिव्यानंही तेच शिकवलंय. हा त्रिकोण ज्यानं ठरवला तो कधी वावरात उभा राहिला नसावा.

मला या शब्दावर एवढं बोलायचं कारण असं की २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जे झालं त्याचा निवाडा याच शब्दानं केला. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारी माणसं आजारी पडत राहिली. वीसहून जास्त मेली. शेकडो दवाखान्यात गेली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात. मुंबई-पुण्याच्या पेपरांना मात्र ऑक्टोबर उजाडल्यावर कळलं. मग मंत्री आले, पुढारी आले, चौकशी पथक नेमलं गेलं, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. नोव्हेंबरात काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. तोवर बोंडं फुटून वेचणी चालू झाली होती. आग विझल्यावर बंब आला.

आणि कारण काय सापडलं? तर शेतकऱ्यांनी, मजुरांनी काळजी घेतली नाही. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मास्क लावला नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, दोन-तीन औषधं एकत्र कालवली, पराटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, पंप चायनाचे होते. यातली एकही गोष्ट खोटी नाही. पराटी खरंच उंच होती, आत शिरलं की माणूस दिसत नव्हता. बॅटरीच्या पंपाचा फवारा धुक्यासारखा बारीक निघतो आणि तोंडावरच येतो, हेही खरं. पण ही सगळी कारणं वाचली की शेवटी बोट कोणाकडे वळतं? जो मेला त्याच्याकडे. औषध चांगलंच होतं, यानं नीट घेतलं नाही! डॉक्टर रागावतो तसं. म्हणून म्हणतो, हा शब्द साधा नाही.

आता त्या किटचं बोलू. २०१७ नंतर बरेच दिवस किट वाटणं चालू होतं. मीही पाहिलं. प्लास्टिकचा कोट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क. भादव्यातलं ऊन काय असतं ते विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. पाऊस नुकता उघडलेला, जमिनीतून वाफ निघते, पराटीत वारा शिरत नाही. नुसतं निंदण करणाऱ्या बायकांचे कपडे पिळून काढावे लागतात. त्यात पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर. त्यावर प्लास्टिकचा कोट घाला आणि दोन तास चाला. चष्म्यावर वाफ धरते, मास्क घामानं भिजतो आणि औषधाचे कण त्याच ओल्या फडक्यातून नाकाला चिकटून राहतात. आमच्या गावातले बरेचसे किट आता पोळ्याला बैल धुताना घालतात. मी कोणाला नावं ठेवत नाही. ज्याला हा कोट बरोबर वाटतो त्यानं सप्टेंबरच्या दुपारी एक तास घालून दाखवावा.

हे माझं एकट्याचं म्हणणं आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना आहे. तिनं १९८५ सालीच कीटकनाशकांबद्दल एक आचारसंहिता केली. तिच्यात स्पष्ट आहे, की जे विष हाताळायला अवघड, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, असं विष उष्ण देशात, त्यातही लहान शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या हाती देणं टाळावं. म्हणजे अंगात कोट घालता येत नसेल तर दोष कोट न घालणाऱ्याचा मानायचा नाही, ते विष विकणाऱ्यानं विकू नये. जगानं मान्य केलेली ही साधी गोष्ट आहे. ती आमच्या एकाही शेतकरी मेळाव्यात कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मेळाव्यात टोपी मिळते, कंपनीचं नाव छापलेली.

त्या वर्षीच्या चर्चेत डायफेन्थियुरॉन नावाच्या एका कीटकनाशकाचं नाव पुढे आलं. ज्या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचं ते उत्पादन, त्या स्वित्झर्लंडच्या शेतात ते वापरायला परवानगी नाही. आमच्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळत होतं. कंपनीनं आपला संबंध नाकारला. तेव्हा आमच्या जिल्ह्यातली काही पीडित कुटुंबं २०२० साली थेट तिकडे बासेलला दाद मागायला गेली. ज्या बाईनं कधी नागपूर पाहिलं नाही तिचा कागद स्वित्झर्लंडला गेला. मला त्या बायांचं फार कौतुक वाटतं. पण मनात येतंच, की तिला इतक्या लांब का जावं लागलं? मधे तालुका होता, जिल्हा होता, मुंबई होती, दिल्ली होती.

विष अंगात शिरून करतं काय, हे मला एका तरुण डॉक्टरनं समजावून सांगितलं. तेव्हा कळलं की लेबलवरचा हिशेब आमच्यासाठी केलेलाच नाही. मोनो, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असली फॉस्फरसची जी औषधं आहेत ती नसेवर काम करतात. नसेतून निरोप गेला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ आपल्या रक्तात आणि नसांत असतो. विष त्यालाच धरून बसतं. मग निरोप पुसला जात नाही, वाजतच राहतो. लाळ सुटते, डोळ्यातून पाणी, घाम, ओकारी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंगावरचं मांस फडफडतं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. त्यावर ॲट्रोपिन देतात. ते जास्त झालं की माणूस बरळतो, खाटेला हात बांधून ठेवावे लागतात. नातेवाईकाला वाटतं, याला वेड लागलं.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. तो पदार्थ एकदा कमी झाला की दोन दिवसांत भरून येत नाही. आठवडे लागतात, कधी महिने. म्हणजे ज्यानं सोमवारी फवारलं, मंगळवारी फवारलं, बुधवारी फवारलं, त्याच्या अंगातली शिल्लक रोज घटत जाते. त्याला काही होत नाही असं त्यालाही वाटतं, मालकालाही वाटतं. आठव्या दिवशी पहिल्याच पंपाला तो पडतो. मग लोक म्हणतात, आज सकाळी काही खाल्लं नव्हतं, म्हणून लागलं.

आता हे सोमवार-मंगळवार-बुधवार कोणाचं असतं? पाच एकरवाला कास्तकार दोन दिवस फवारतो आणि पुढचे पंधरा दिवस दुसरं काम करतो. पण गावात फवारणी करणारे पाच-सहा गडी असतात. त्यांना पंपामागे पैसे मिळतात. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. जितके पंप तितके पैसे, म्हणून ते वीस-वीस, पंचवीस-पंचवीस पंप मारतात. प्रत्येक मालकाचं औषध वेगळं. याच्याकडे मोनो, त्याच्याकडे प्रोफेनो, तिसऱ्याकडे दुकानदारानं दिलेलं मिश्रण. या माणसाच्या अंगात काय काय कालवलं गेलं हे कोणत्याही लेबलवर लिहिलेलं नसतं. कारखान्यात एक माणूस वीस दिवस सलग विषाच्या टाकीजवळ उभा केला तर तिथे निदान कामगार इन्स्पेक्टरला विचारता येईल. वावराला इन्स्पेक्टर नाही.

आमच्या गावातल्या अशाच एका गड्याचं सांगतो. नाव लिहीत नाही, तो जिवंत आहे आणि त्याला अजून गावातच काम मागायचं आहे. त्या वर्षी सप्टेंबरात तो सलग आठवडाभर चार जणांच्या वावरात फवारत होता. एक दिवस दुपारी चार वाजता माझ्या ओसरीवर आला, भिंतीला हात लावत लावत. म्हणाला, “काका, दिवा लावा ना. अंधार काहून करून ठेवला?” बाहेर लख्ख ऊन होतं. त्याला मोटारसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेलं. तिथल्या खाजगी डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, पिऊन आला होता का? त्याची बायको म्हणाली, “साहेब, थो पेत नाही. फवारा लागला त्याले.” तरी एक सलाईन लावून रात्री घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी यवतमाळला न्यावा लागला. नजर बरीचशी परत आली. पण आजही संध्याकाळ झाली की तो घराबाहेर पडत नाही आणि सुईत दोरा ओवू शकत नाही. त्याच्या नावावर सातबारा नाही. तेव्हा शेतकरी अपघात विमा सातबारावाल्यासाठी होता. २०१७ ला जे दोन लाख जाहीर झाले ते मेलेल्याच्या घरच्यांसाठी. हा मेला नाही, शेतकरीही नाही. मग सरकारी कागदात हा कोण?

आणि त्याची बायको? ती त्याच्यासोबत पाणी आणून देत होती. विहिरीवरून गुंड आणायचा, बादलीत औषध ढवळायचं, पंप भरायचा. ढवळायला काडी असते, पण काडी सापडली नाही तर हात असतो. म्हणजे घट्ट, पाणी न मिसळलेलं विष तिच्या हाताला लागतं आणि पातळ केलेलं त्याच्या पाठीला. रात्री दोघांचे कपडे तीच धुते, लेकराच्या कपड्यांसोबत. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पराटीत बायकांचं निंदण लागतं. फवारल्यावर किती दिवस वावरात शिरू नये हे मालक बकऱ्यांसाठी पाळतो. धुऱ्यावर पाटी लावतो, ‘औषध मारले आहे, जनावरे चारू नये’. बायकांसाठी पाटी मी पाहिली नाही.

कायदा नाही असं समजू नका. कायदा आहे आणि चांगला आहे. तो आला कसा हेही ऐकून ठेवा. १९५८ साली केरळात जहाजातून आणलेल्या गव्हाच्या पिठाजवळ पॅराथिऑन ठेवलं होतं. ते पिठात उतरलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ चे नियम. त्या नियमांत लिहिलं आहे, की विष हाताळणाऱ्या माणसाची कामाला लावण्याआधी डॉक्टरकडून तपासणी व्हावी, नंतरही ठराविक काळानं व्हावी, त्याला संरक्षक कपडे द्यावेत. मी हे वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षांच्या माझ्या शेतीत आमच्या पंचक्रोशीतल्या एका फवारणीवाल्याचं रक्त कोणी तपासल्याचं मला माहीत नाही. कायद्यात असंही कलम आहे, की विषबाधेची प्रत्येक घटना कळवायला सरकार भाग पाडू शकतं. ‘शकतं’ हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा.

भोपाळ सगळ्यांना माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडमधून वायू सुटला. पण तो वायू तिथे कशासाठी साठवला होता हे शहरातल्या किती जणांना माहीत आहे? सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनवायला. म्हणजे ते आमच्याच धुऱ्यावर येणार होतं. तिथं एका रात्रीत हजारो गेले म्हणून जगानं पाहिलं. इथं एकेक करून जातात. गावातल्या एका वावरात एक जण पडला तर ती बातमी होत नाही, वेळ वाईट होती एवढंच होतं.

मोनोचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ साली मनाई केली. का? तर भाजी शहरात जाते, खाणाऱ्याच्या पोटात जाते. कपाशीवर चालू ठेवलं. कपाशी कोणी खात नाही ना! फवारणारा श्वास घेतो याचा विचार त्या मनाईत नव्हता. मग २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून तेच विष पोटात गेलं आणि २३ लेकरं मेली. तरी दुकानात ते होतंच. ते बंद करायचा हुकूम केंद्रानं काढला २०२३ साली. भाजी खाणाऱ्याची काळजी २००५ ला लागली, फवारणाऱ्याची अठरा वर्षांनी. यापेक्षा मोठा हिशेब मला मांडता येत नाही, दहावी झालेला माणूस मी.

यावर आमचेच कास्तकार भाऊ मला विचारतात, मग बोंडअळीचं काय करू? आरती ओवाळू? प्रश्न रास्त आहे. मी फवारणीच्या विरुद्ध शपथ घेतलेला माणूस नाही. पण गुलाबी बोंडअळीचं सांगतो. ती अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि मागचं भोक बंद होतं. एकदा आत गेली की वरून कितीही मारा, तिला काही होत नाही. ते सगळं तुमच्या मजुराच्या अंगावर आणि तुमच्या उधारीच्या वहीवर. तिला अडवायचं असेल तर कामगंध सापळे लावून पतंग मोजा, सुरुवातीला निंबोळी अर्क मारा, डोमकळ्या वेचून नष्ट करा. सगळ्यात मोठं म्हणजे डिसेंबरच्या शेवटाला पराटी उपटा. फरदडीच्या दोन वेचण्यांसाठी मार्चपर्यंत पराटी उभी ठेवतो, त्यात अळीचं बाळंतपण होतं. हे विद्यापीठवाले सांगून थकले. ऐकलं का जात नाही? कारण हे सांगणारा कृषी सहायक चार-सहा गावं मिळून एक, आणि औषध सांगणारा दुकानदार बसस्टँडवरच. तो उधार देतो. ज्याची उधारी त्याचा सल्ला. “काका, हे मारा, संगं हे टॉनिक टाका, आणि हे बी थोडं टाकून घ्या, एकाच फवारणीत काम होते.” पिशवीत तीन डबे येतात. डब्यासोबतचं माहितीपत्रक मी चष्मा लावून उन्हात धरून पाहिलं, अक्षर मुंगीच्या पायाएवढं.

दुकानदारालाही मी राक्षस ठरवत नाही. त्याला वरून टार्गेट असतं, ते पूर्ण झालं की बँकॉकची सहल असते. आमच्या तालुक्यातून दोघं जाऊन आले.

मागच्या दोन हंगामांपासून आम्ही गावात एक वही सुरू केली आहे. दोनशे पानी साधी वही, किराणा दुकानातून आणलेली. ग्रामसभेत आधी ठराव घेतला, की प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारा लागलेल्यांची वेगळी नोंद ठेवावी, तिथं ॲट्रोपिन कायम असावं आणि हंगामात फवारणीवाल्यांचं रक्त तपासावं. ठराव तालुक्याला गेला, उत्तर आलं नाही. म्हणून वही. तिच्यात रकाने पाडले: नाव, कोणतं विष, किती पंप, सलग किती दिवस, काय त्रास झाला, कोणाच्या वावरात. पाणी देणाऱ्या बाईचंही नाव लिहायचं, हे बायकांनी भांडून घालायला लावलं.

भांडण दुसऱ्याच रकान्यावर झालं. कोणाच्या वावरात, यावर. दोन-तीन बडे कास्तकार चिडले. उद्या पोलीस आले तर आम्ही जबाबदार का, विष काय आम्ही बनवलं का, म्हणाले. मी म्हटलं, विष तुम्ही बनवलं नाही, पण गडी तुम्ही लावला. तो पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेईल हे तरी लिहिलेलं असू द्या. त्यांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पोळ्याला एकजण बैल घेऊन दारात आला, पण वहीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. रकाना वहीत तसाच आहे आणि तो खोडायचा नाही असं फवारणीवाल्या गड्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं आहे. वरच्या ओळीत विषाचा रकाना आहे, त्याला पोरांनी आधी ‘औषधाचे नाव’ असं लिहिलं होतं. ते खोडून मी ‘विषाचे नाव’ केलं.